दाजींच्या डबीतलं मशीन

भिंगारात आसारामला नावं ठेवणारे लई होते, पण चोर कुणी म्हटलं नव्हतं. तापट म्हणायचे, आगाऊ म्हणायचे. चौथीत मास्तरांनी छडी उगारली तर यानं ती ओढून घेतली, मोडली, आणि दप्तर तिथंच टाकून घरी आला. परत त्या दाराला गेला नाही. आईबाप लहानपणीच गेलेले. थोरल्या बहिणीनं, चांगुणानं, सांभाळलेला. ती रडली, ओरडली, दोन दिवस बोलली नाही. तिचा नवरा छगन मालगाडीवर गार्ड होता. तो एवढंच म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं. त्याच्या हाताला कायतरी दे. मोकळा ऱ्हायला तर कुनाचातरी दात पाडंल."

आता हाताला द्यायचं काय? पोरगं एका जागी ठरायचं नाही. जेवताना उठायचं, झोपेत चालायचं. पण एकदा घरातलं गजराचं घड्याळ बंद पडलं आणि आसारामनं ते चुलीपुढं बसून सगळं सुटं केलं. चांगुणा लाटणं घेऊन धावली. छगननं तिचा हात धरला. म्हणाला, "थांब. बघ, तासभर झाला, हललाय का त्यो?"

घड्याळ परत चालू झालं. एक चाक उरलं, पण चालू झालं.

छगननं मग त्याला नगरात कापडबाजाराजवळच्या एका बोहरी घड्याळजीकडं चिकटवलं. चार वर्षांनी भिंगारच्या बाजारात, एका शिंप्याच्या ओट्यावर, स्वतः उभं राहून त्याचं दुकान थाटून दिलं. दुकान म्हणजे काय, एक काचेची पेटी, तिच्यामागं आसाराम, आणि आसारामच्या उजव्या डोळ्यात भिंग. पण आसारामला ते राजवाड्यासारखं वाटलं. दाजींना कुणी काही बोललं की हा पहिला बाह्या वर करायचा. एकदा होळीत एकानं गमतीनं म्हटलं, "गार्ड म्हंजे गाडीचं शेपूट." त्या माणसाला आसारामनं रंगाच्या पिंपात बसवला. छगननंच नंतर जाऊन त्या माणसाची समजूत घातली.

लढाई सुरू झाली तसं भिंगार गोऱ्या सोल्जरांनी भरलं. घड्याळं यायला लागली. कुणाच्या घड्याळात रेती, कुणाच्या घड्याळात घाम. त्यात त्रेचाळीस साली एक अमेरिकन आला. रणगाड्यांची इंजिनं शिकवायला आला होता, नाव मिलर. लढाईच्या आधी तो घड्याळाच्या कारखान्यात कामाला होता. त्याला आसारामच्या पेटीत एक जुनं अमेरिकन खिशातलं घड्याळ दिसलं. नगरच्या एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या बाईनं बंद पडलं म्हणून देऊन टाकलेलं. मिलर ओट्यावर मांडी घालून बसला आणि ते घड्याळ त्यानं असं हातात घेतलं, जसं कुणी गावाकडचं लेकरू घेतं.

मग तो रोज यायचा. आसारामचं इंग्रजी छावणीतलं, मिलरचं हिंदुस्थानी बाजारातलं. दोघांचं मिळून काम भागायचं. मिलरनं त्याला सांगितलं की विलायतेत एक कारागीर एक घड्याळ घडवतो, त्याचं चाक दुसऱ्या घड्याळात बसत नाही. आमच्याकडं वॉलथॅम नावाच्या गावात मशीनं घड्याळ बनवतात. पोरी मशीनवर बसतात, एवढाले स्क्रू काढतात की तळहातावर घेतले तर धूळ वाटावी. आणि त्या धुळीतला कुठलाही कण उचला, त्या जातीच्या कुठल्याही घड्याळात बसणार. बाहेरची डबी वेगळ्याच कारखान्यात होते. गिऱ्हाईक दुकानात जातं, आतलं मशीन एक पसंत करतं, डबी दुसरी पसंत करतं, दुकानदार दोन्ही जोडून देतो.

"म्हंजे डबीवरनं घड्याळ कळत न्हाई?" आसाराम म्हणाला.

"नाय. मशीनचा नंबर बगायचा. डबी इज ओन्ली कोट," मिलर म्हणाला आणि स्वतःचा खाकी शर्ट ओढून दाखवला.

मिलरनं आणखी एक गोष्ट सांगितली. पन्नास-पंचावन्न वर्षांमागं तिकडं दोन आगगाड्या समोरासमोर धडकल्या. लोक सांगतात, एका ड्रायव्हरचं घड्याळ वाटेत चार मिनिटं बंद पडलं आणि आपलं आपण परत चालू झालं, त्याला पत्ताच नाही. त्यानंतर रेल्वेवाल्यांच्या घड्याळांना कायदे लागले. आठवड्यात अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त पुढंमागं चालणार नाही. उलटं धरा, आडवं धरा, थंडी असो की ऊन, चाल बदलणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरची पिळायची चावी ओढून काटे फिरणार नाहीत. काटे लावायचे तर पुढची काच फिरवून काढायची, तबकडीच्या कडेला एक बारीक पोलादी काडी असते ती नखानं बाहेर ओढायची, तेव्हा कुठं काटे हलतील. म्हणजे खिशात, चालत्या गाडीत, चावी देताना, चुकूनसुद्धा टाइम सरकायला नको.

आसारामला त्या काडीनं याड लावलं.

मिलर पुढच्या साली निघून गेला, आसारामचं याड मागं राहिलं. अमेरिकन रेल्वेचं घड्याळ कुठं आहे कळलं की हा सायकल काढायचा. राजूरच्या बाजारात कुणा वाण्याकडं आहे म्हणे, हा राजूरला. श्रीगोंद्यात कुणा पेन्शनर सुभेदाराकडं आहे, हा श्रीगोंद्याला. तिथं जाऊन बघावं तर निम्म्या वेळा ते स्विस निघायचं. मिळालं की विकत नव्हता. हिरव्या पत्र्याच्या पेटीत कापसात ठेवायचा आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की एकेक काढून कानाला लावायचा. चांगुणा म्हणायची, "बायको आनायची सोडून डब्या गोळा करतंय." तो म्हणायचा, "अक्का, डब्या न्हाईत. मशीनं हायत."

पेटीत सगळं होतं. एकच नव्हतं. मिलरनं सांगितलेलं तेवीस खड्यांचं. वॉलथॅमचं, रेल्वेचं, काडीवालं. आत तेवीस माणकांचे कण, त्यांच्यावर चाकं फिरणारी. चित्र दाखवून मिलर गेला होता, आणि आसारामनं ते स्वप्नात उघडून पाहिलं होतं.

ते घेऊन आले दाजी.

छगनची लढाईत आसामकडं बदली झाली होती. तिथं रेल्वे अमेरिकन सोल्जर चालवत होते. पंचेचाळीसच्या शेवटी तो परत आला, हिवतापानं पिवळा पडलेला, निम्मा झालेला, आणि ओट्यावर बसून त्यानं खिशातून घड्याळ काढलं. मागच्या झाकणावर इंजिन कोरलेलं.

"वॉल्टर म्हनून हुता. त्यो तापानं फणफनला तवा मी पेज करून घालायचो, मी फणफनलो तवा त्यो गोळ्या घालायचा. जाताना म्हनला, घे. मी शेतावर चाल्लो. माज्या कोंबड्यांना टायम लागत न्हाई."

आसारामनं मागचं झाकण फिरवून काढलं. भिंग लावलं. एकेक खडा मोजला, परत मोजला.

"काय रं? खोटं हाय का काय?"

"दाजी," आसाराम भिंग न काढताच म्हणाला, "ह्ये चुकत न्हाई. जगातली सगळी घड्याळं चुकतील, ह्ये चुकनार न्हाई."

हे त्यानंच सांगितलं. त्या दिवशी बाजारातल्या चार लोकांना बोलावून परत सांगितलं. छगनचा त्या घड्याळावर देवासारखा विश्वास बसला तो आसारामच्या तोंडामुळं.

दर पंधरवड्याला छगन ओट्यावर यायचा, चहा व्हायचा, आसाराम काच काढून, काडी ओढून, चार-पाच सेकंदांचा फरक असला तर काटा लावून द्यायचा. छगन स्वतः काचेला हात लावत नव्हता. म्हणायचा, "हिरवा-लाल झेंडा धरायची बोटं ही. ही काडी मोडली तर वॉल्टर सपनात यील." तो फक्त चावी द्यायचा. तीसुद्धा खिशात हात घालून, न बघता, बोलता बोलता. काडीवाल्या घड्याळाला तसं चालतं. चावी कितीही ओढा, काटा हलत नाही.

शेचाळीसच्या उन्हाळ्यात छगननं घड्याळ तेल द्यायला ठेवलं. "दोन दिस ठिव. मी दौंडास्नं येतो तवर."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार उन्हात ओस पडला होता. शिंपी घोरत होता. आसारामनं ते मशीन सुटं केलं, धुतलं, जोडलं. मग हिरव्या पेटीतून त्यानं त्याच कंपनीचं, त्याच मापाचं एक साधं घड्याळ काढलं. पंधरा खड्यांचं, निकेलच्या डबीतलं. बरं चालायचं, पण काडीचं नव्हतं. चावी ओढली की काटे फिरणारं.

पहिल्यांदा त्यानं नुसतं बसतंय का बघितलं. मिलर म्हणाला होता, बसतं. बसलं. मग तबकडी बदलून बघितली. तीही बसली. इंजिन कोरलेल्या डबीत साधं मशीन, वर दाजींची तबकडी, दाजींचे काटे. कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि निकेलच्या डबीत तेवीस खडे.

चार दिवस ठेवू, त्यानं मनात म्हटलं. दाजींना काय, टिकटिक झाली म्हणजे झालं. पुढच्या पंधरवड्याला परत बदलू.

छगन आला, घड्याळ कानाला लावलं, म्हणाला, "लोन्यागत चालतंय," आणि गेला. आसारामला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण पुढच्या पंधरवड्यालाही त्यानं बदललं नाही. दाजी चहा पीत असताना त्यानं पाठ वळवून चावीनंच काटा लावला आणि काच पुसून परत दिली. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. दाजींशी गप्पा मारता मारता हे जमायला लागलं, हेच त्याला नंतर सगळ्यात वाईट वाटलं.

मग श्रावणात ते घडलं.

छगन मालगाडी घेऊन मनमाडकडून नगरला आला. गाडीत बेलापूरला भरलेले साखरेचे डबे होते. वांबोरी सोडल्यावर चढ लागतो, गाडी गोगलगाईसारखी चालते. नगरला पोचल्यावर छगननं खिशातून घड्याळ काढून पोचल्याची वेळ लिहिली, आणि हसत स्टेशनच्या बाबूला म्हणाला, "बाबू, तुमचं घड्याळ पेंगतंय. वीस मिन्टं मागं हाय."

"तुमचंच पुढं असेल," बाबू म्हणाला.

"ह्ये? ह्ये रेल्वेचं हाय. अमेरिकेच्या रेल्वेचं."

ड्यूटी संपवून तो सरळ भिंगारला ओट्यावर आला. "आसाराम, बघ रं. बाबू म्हंतो माजं पुढं हाय."

आसारामनं घड्याळ घेतलं. चावी केसभर बाहेर आलेली होती. आतली पकड ढिली झालेली, खिशातल्या गोफात अडकून ओढली गेलेली. दाजींनी सवयीनं खिशात हात घालून चावी दिली होती, आणि स्प्रिंग भरायच्या ऐवजी काटे पुढं सरकले होते. ज्यासाठी ती काडी निघाली, नेमकं तेच.

त्याला तेव्हा बोलता आलं असतं. दाजी समोर बसले होते, बशीत चहा ओतत होते.

त्यानं पाठ वळवली. चावी आत दाबली, काटे मागं घेतले, काच पुसली.

"बरोबर हाय, दाजी. सेकंदाचा फरक न्हाई."

"सांगत हुतो मी त्याला!" छगन खूश झाला.

दुसऱ्या दिवशी दौंडला कळलं की एका डब्याचं सील तुटलंय आणि साखरेची पोती कमी आहेत. रेशनचे दिवस. साखर म्हणजे सोनं होतं. आणि त्याच गाडीच्या गार्डनं पोचायची वेळ वीस मिनिटं खोटी लिहिलेली. स्टेशनच्या घड्याळात खोट नव्हती, त्या सुमाराची पॅसेंजर तिच्या वेळेलाच आली होती. मग गार्डनं खोटी वेळ का लिहिली? चढावर गाडी अडकली होती असं पुढं सांगायला? चोरांशी संगनमत?

छगनला घरी बसवलं. चौकशी लावली.

बाजारात बातमी पसरायला वेळ लागला नाही. हॉटेलात एक जण म्हणाला, "गार्डाच्या घरी आता चहा गोड व्हत असंल." आसारामनं त्याच्या हातातला कप हिसकून त्याच्याच डोक्यावर ओतला. चौघांनी आवरलं तरी हा ओरडत होता, "माज्या दाजीला चोर म्हंतो? चोर? जीब हासडीन!" आणि ओरडता ओरडता एकदम गप्प झाला. आवरणाऱ्यांना वाटलं, दमला. तो दमला नव्हता. चोर हा शब्द त्याच्या स्वतःच्याच तोंडून इतक्या मोठ्यानं आला होता की त्याला थांबवेना तिथं.

छगनच्या घरी गेला तर आणखी निराळंच. छगन ओसरीत भिंतीला टेकून बसला होता, घड्याळ पुढ्यात.

"आसाराम, मी रातध्याड इचार करतोय. घड्याळ चुकलं न्हाई. तू सोता बघितलंस. बाबूचं बी चुकलं न्हाई. मंग चुकलं कोन? मी. मला डुलकी लागली असंल. झोपंत कायबाय बघून लिवलं असंल."

"तुमी? तुमी गाडीवर झोपनार, दाजी?"

"आसामचा ताप डोक्यात गेलाय बहुतेक. म्हातारा झालो मी." तो चाळिशीचा होता. "परवा चौकशी हाय. सांगून टाकतो, झोपलो हुतो. नोकरी जाईल. पर चोर म्हनून जान्यापरीस झोपाळू म्हनून गेलेलं बरं. तू फकस्त संगं ये. साहेबाला येवढंच सांग की घड्याळ बरोबर हुतं. वॉल्टरच्या घड्याळाला बोल नको लागाय."

चांगुणा आत परातीत पीठ मळत होती. ती बाहेर आली, हात पिठाचे.

"आसाराम, तू तरी सांग यांना. इतक्या वर्सात एक बार ड्यूटीवर डोळा लागला न्हाई यांचा. घरात झोपले तरी मालगाडी गेली की उठून बसत्यात. आन आता रोज मला इचारतेत, मी काल काय बोललो गं, मी इसरलो का गं? सोताच्याच डोक्याला भ्यायला लागलेत."

आसाराम खांबाला धरून उभा होता. "अक्का," एवढंच तो म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई. येतो मी."

आपल्या खोलीवर जाऊन त्यानं निकेलची डबी काढली. परत बदलून ठेवता आलं असतं. दाजींकडून घड्याळ मागायचं, तेल देतो म्हणायचं, मशीन जिथलं तिथं बसवायचं. कुणाला कधी कळलं नसतं. पण मग घड्याळ खरंच न चुकणारं झालं असतं, आणि दाजी खरंच झोपलेले. सुटायचा तेवढा एक रस्ता होता आणि तो दाजींच्या अंगावरून जात होता. त्यानं निकेलचं घड्याळ खिशात टाकलं.

चौकशी नगर स्टेशनातल्या एका खोलीत होती. भर दुपार, पंखा नाही. टेबलामागं इन्स्पेक्टर नृसिंहराव, चष्म्याच्या वरून बघणारे. बाजूला बाबू. छगन कोट घालून आलेला, गळ्यापर्यंत गुंड्या लावून.

"बोला गार्ड. ही वेळ तुमच्याच हातची ना?"

"व्हय साहेब. साहेब, मी सांगतो. घड्याळ बरोबर हुतं. ह्यो माजा मेव्हना घड्याळजी हाय, त्यानं त्याच सांजंला बघितलंय. चूक माजी हाय. मला त्या वक्ताला..."

"दाजी, थांबा," आसाराम म्हणाला.

"तू मंग बोल. आदी मला..."

"थांबा म्हंतो ना!" तो एवढ्यानं ओरडला की बाबूच्या हातातली पेन्सिल पडली. नृसिंहरावांनी चष्मा काढला.

"इथं आरडाओरडा नको. तुम्हाला काय सांगायचंय?"

"साहेब, ह्ये झोपले नव्हते. ती येळ घड्याळानंच दावली. घड्याळ चुकलं."

"आसाराम!" छगन म्हणाला. "तूच तर म्हनलास..."

"मी खोटं बोललो."

त्यानं छगनच्या हातातून घड्याळ घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि चावी नखानं ओढली. टक असा आवाज झाला. चावी फिरवली. मोठा काटा पुढं पळाला.

"खिशात चावी ओढली गेली. ह्यांनी न बघता पिळली. काटं सरकलं. सांजंला माज्याकडं आलं तवा मी गुपचूप मागं केलं."

नृसिंहरावांनी स्वतः चावी ओढून काटे फिरवून बघितले. "मग यात लपवण्यासारखं काय होतं?"

उत्तर छगनकडून आलं. तो घड्याळाकडं बघत होता. अगदी हळू बोलला.

"साहेब, माज्या घड्याळाचा काटा चावीनं फिरत न्हाई."

बाहेर कुणीतरी चहाची किटली आपटत होतं.

आसारामनं खिशातलं निकेलचं घड्याळ काढलं. काच फिरवून काढली. तबकडीच्या कडेची काडी नखानं ओढून दाखवली. मग मागचं झाकण काढून टेबलावर उघडं ठेवलं. आत माणकं चमकली.

"ह्ये ह्यांचं. मी काढून घेतलं. त्यांच्या डबीत माजं घातलं."

नृसिंहरावांनी दोन्ही घड्याळं जवळजवळ ठेवून पाहिली. त्यांना त्यातलं फारसं कळलं नसावं, पण माणसं कळत होती. त्यांनी बाबूला सांगितलं, लिहा, गार्डचं घड्याळ सदोष होतं, वेळेतला फरक त्यामुळं. साखरेचा तपास पोलीस करतील. मग छगनला म्हणाले, "तुम्ही उद्यापासून कामावर या. आणि रेल्वेनं दिलेलं घड्याळ वापरत जा. मेव्हण्यावर फिर्याद करायची असली तर तो तुमचा मामला."

छगन उठला. सलाम केला. बाहेर आला. आसाराम मागं.

फलाटावर बाकाशी आल्यावर छगन वळला. आसारामला वाटलं, आता मारतील. मारावं असंच वाटत होतं त्याला. गाल पुढं करूनच उभा राहिला.

"त्या सांजंला," छगन म्हणाला, "मी चा पीत हुतो. तवा तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"परवा मी वसरीत बसलो हुतो, म्हनलो माजं डोकं गेलं. तवा?"

"व्हय, दाजी."

"घड्याळ मागितलं असतंस तर म्या दिलं असतं रं. देवाशप्पत दिलं असतं. वॉल्टरनं मला दिलं तसं." तो बाकावर बसला. "पर मी आठ दिस माज्या बायकोला इचारतोय, मी याडा झालो का म्हनून. आन तू खांबाला धरून ऐकत हुतास."

आसारामला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

"बस," छगन म्हणाला. "हत्यारं आनलीस का?"

"आनलीत."

"मंग हितंच बदल. माज्या म्होरं."

आसारामनं बाकावर रुमाल पसरला. मशीनं काढली, तबकड्या काढल्या, काटे काढले. वाऱ्यानं कण उडू नयेत म्हणून छगननं आपला कोट काढून आडोसा धरला. हमाल उभे राहून बघायला लागले. एक म्हणाला, "काय चाललंय गार्डसाहेब?" छगन म्हणाला, "काय न्हाई. जा तू." अर्ध्या तासात इंजिन कोरलेल्या डबीत तेवीस खडे परत गेले.

"आता काच उघडायची कशी, ती दाव," छगन म्हणाला.

"मी लावून दीन ना, दाजी. पंधरा दिसांनी या, मी..."

"दाव म्हनलं ना."

आसारामनं दाखवलं. तळहात काचेवर सपाट ठेवायचा, हलका दाब, डावीकडं फिरवायचं. छगनची जाड बोटं पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदा काच सुटली. काडी ओढताना त्याच्या कपाळावर घाम आला. पण ओढली. काटा हलवला, परत जागेवर आणला, काडी आत सरकवली, काच लावली. मग तो उठला आणि आसारामच्या पाठीवर हात न ठेवता निघून गेला. आजपर्यंत कधीच तसा गेला नव्हता.

फिर्याद झाली नाही. पुढं कधीतरी पोलिसांनी साखर शोधली म्हणे, कुणाकडं ते आसारामनं विचारलं नाही. बाजारात खरी गोष्ट कशी पसरली कुणास ठाऊक, बाबूनं सांगितलं असेल, हमालांनी सांगितलं असेल. ज्याच्या डोक्यावर चहा ओतला होता तो एक दिवस ओट्यासमोरून जाताना थांबला, आसारामकडं बघितलं, आणि पुढं गेला. आसारामनं खाली मान घातली. त्यानं कधी कुणापुढं मान खाली घातली नव्हती.

घड्याळं गोळा करायचं त्यानं सोडलं नाही. सोडलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्यानं फक्त एक नेम केला. दुरुस्तीचं घड्याळ परत देताना तो आधी झाकण उघडायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्याला भिंग लावायचा आणि आतला नंबर वाचायला लावायचा. सोल्जर हसायचे. बायका लाजायच्या. शिंपी म्हणायचा, "नाटक्या हाय लेकाचा, धंद्याची युगत." आसाराम पुढच्या घड्याळाचं झाकण उघडायचा.

दाजी ओट्यावर आले नाहीत. मालगाडी भिंगारजवळून गेली की आसाराम भिंग काढून ठेवायचा आणि गार्डचा डबा जाईपर्यंत बसून राहायचा. चांगुणाही आली नाही. दिवाळीत भाऊबीजेला तो नवीन सदरा घालून, नारळ घेऊन तिच्या आळीच्या तोंडाशी उभा राहिला आणि तिथूनच परत आला. नारळ शिंप्याच्या पोरांनी फोडून खाल्ला.

मग संक्रांतीच्या सुमाराला चांगुणाची शेजारीण लंकाबाई ओट्यावर आली. फडक्यातून तिनं एक गजराचं घड्याळ काढून पेटीवर ठेवलं. आसारामनं ते बघताच ओळखलं. लहानपणी चुलीपुढं सुटं केलेलं तेच.

"चांगुनानं धाडलंय. बंद पडलं म्हनं."

"अक्का बरी हाय?"

"बरी हाय. बेगीनं कर म्हनाली, मालकास्नी पहाटं उठाय लागतं."

आसारामनं तिला बसवलं, चहा मागवला, तिथंच घड्याळ उघडलं. जुनं तेल घट्ट झालं होतं, एवढंच. पुसलं, नवं तेल दिलं, गजर वाजवून बघितला. शिंप्याचं पोरगं दचकून उठलं. लंकाबाई खुदकन हसली आणि घड्याळाला हात घातला. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखा हात मागं घेतला.

"थांब. चांगुनानं सांगितलंय, घ्यायच्या आदी उघडून दावाय लाव."

आसारामनं मागचं झाकण परत काढलं, भिंग पुसलं, लंकाबाईच्या डोळ्याला लावून धरलं. तिनं एक डोळा मिटला, दुसरा मोठा केला, तोंड उघडं टाकलं आणि बराच वेळ आत बघत राहिली.

"मला मेलीला काय कळतंय यातलं," ती म्हणाली. "चाकं हायत. फिरत्यात. सांगते तिला, चाकं हायत म्हनून."

आणि घड्याळ फडक्यात गुंडाळून, पदराखाली धरून, ती बाजारातून निघून गेली.